बदलीवरचा

"मी आसंय मां, तुमी जावा," असं म्हणून तो तुमच्या कोपराला हलकेच हात लावायचा, तुम्हाला रांगेतून बाजूला करायचा आणि बरोबर तुमच्या पावलांच्या जागी स्वतःची पावलं ठेवून उभा राहायचा. इंचभर पुढे नाही की मागे नाही. रेशनची रांग असो, रॉकेलची असो, इस्पितळात केसपेपरची असो. तुम्ही घरी जाऊन भात टाकून परत आलात की तो बाजूला व्हायचा. आभार मानायला तोंड उघडावं, तर तोवर माणूस दुसऱ्या कुणाच्या जागी पोचलेला.

आमच्या लालबागच्या चाळीत त्याला सगळे बदली म्हणत. नाव होतं, पण हाक मारायला ते कुणी वापरलं नाही. ज्यांनी चालू गिरण्या पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते. कायम कामगार गैरहजर राहिला की त्याच्या साच्यावर, म्हणजे मागावर, उभं राहायला बदली कामगार घेत. पाळी सुरू व्हायच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं. जॉबरने, म्हणजे खात्यातल्या मुकादमाने, बोलावलं तर आत, नाहीतर घरी. माझा नवरा कायम होता आणि हा त्याचा बदली. नवऱ्याला दारूचा नाद होता, त्यामुळे याला काम बरं मिळायचं. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

"पुढची जागा तुझी," असं जॉबर त्याला दर वर्षी सांगायचा. हा दर वर्षी विश्वास ठेवायचा. मला म्हणायचा, "वयनी, एकदा कायम झालंय की खोली बघतलंय."

खोली त्याला कधीच नव्हती. तेव्हा एकेका खोलीत एकाच गावचे पंधरा-वीस बाप्ये राहत. ज्याची पाळी चालू त्याची पथारी रिकामी, तिथे हा झोपायचा. अंथरूण दुसऱ्याच्या अंगाने अजून गरम असायचं. त्यामुळे आपल्याला स्वप्नंही दुसऱ्यांचीच पडतात, असं तो सांगे. एकदा नळावर एका बाप्याला म्हणाला, "तुझी आवस इल्ली रे सपनात. माका तू समजान पेज वाढल्यान."

"मग?"

"मग काय, जेवलंय."

"मेल्या, माझी पेज जेवलास?"

"तुका दिवाळीक ये म्हणान सांगल्यान."

नळावरच्या बायका हसल्या. पण त्या माणसाने दुपारीच गावी आईला पत्र टाकलं, हे मला त्याच्या खोलीतल्यांनी सांगितलं.

चाळीच्या भजनात पखवाजवाला एकदा आला नाही. हा पखवाजामागे जाऊन बसला, दोन्ही हात चामड्याच्या पानांवर ठेवले आणि डोळे मिटले. अभंग संपला तरी एक थाप पडली नाही. बुवा भडकले. "वाजवता येतं का तुला?"

"नाय," तो म्हणाला. "पण जागा रिकामी दिसूक नको."

परळला एका लग्नात नवरीचा मामा वेळेवर पोचला नाही. भटजी घाई करत होते. यानेच मुलीला हाताला धरून बोहल्यावर आणलं. दोन मंगलाष्टकं होतात न होतात तोच खरा मामा घामाघूम होऊन आत शिरला आणि भांडायलाच उठला. "हा कोण? मामा मी आहे!"

"तुमीच," हा म्हणाला. "हयसर उभे रवा. मी जातंय." आणि जेवायला न थांबता गेला. आम्ही नंतर शोधला तर बाहेर चपला सांभाळत बसला होता. चपलांवर बसणारा बाप्या जेवायला आत गेला होता.

मग संप झाला, गिरणी बंद पडली. नवरा वर्षभराने गेला. त्याची जागा रिकामी झाली तेव्हा साचे भंगारात निघाले होते. मी दादरला तीन घरी पोळ्या लाटायला लागले. तो मिळेल ते हमालीचं काम करायचा, पण सकाळी पाळीच्या वेळेला बंद गेटसमोर जाऊन उभा राहायचा तो राहायचाच. बाप्ये गावी गेले, खोल्यांत बायका-पोरं आली, पथाऱ्या उरल्या नाहीत. मग त्याची ट्रंक आणि चटई माझ्या दाराबाहेर गॅलरीत आली. गिरणीच्या जागी काचेचा टॉवर उभा राहिला. त्या काचांवरून परतलेलं ऊन दुपारी आमच्या गॅलरीत यायचं. आमच्या बाजूला पूर्वी ऊन कधी आलं नव्हतं. तो त्यात पाय पसरून बसायचा, आणि पाय पाण्यात सोडल्यासारखे हळूहळू हलवायचा.

दोन वर्षांपूर्वी चाळ पाडायचं ठरलं. प्रत्येक खोलीत कोण राहतं ते लिहायला, फोटो काढायला माणसं येणार होती. ज्याचं नाव यादीत नाही त्याला नव्या इमारतीत जागा नाही. त्या दिवशी ज्याची खोली बंद, ती बंद म्हणूनच लिहिणार.

मी त्याला सांगितलं, "उद्या घरात बसा. तुमचं नाव माझ्या खोलीत लिहिणार आहे."

"वयनी, लोक काय म्हणतले?"

"लोकांना माझं वय माहीत आहे."

अँटॉप हिलवरून मुलीचा फोन आला. "आई, नातं काय सांगणार?" मी म्हटलं, "विचारतील तेव्हा बघेन."

सकाळी त्याने अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि माझ्या खोलीत स्टुलावर बसला. पहिल्यांदाच आत बसला. अकराच्या सुमाराला तळमजल्यावरच्या सात नंबरातली सून वर आली, त्याच्या कानाशी काहीतरी बोलली. "वायच खाली जाऊन येतंय," म्हणाला. अर्ध्या तासाने परत येऊन स्टुलावर बसला.

साहेब वर आले ते बारा वाजून गेल्यावर. "मावशी, घरात कोण कोण?"

"मी आणि हे."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग हातातल्या यंत्रात पाहिलं. "आजोबा, तुमचा फोटो आत्ता खाली काढला ना? सात नंबरात?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्या सुनेचा सासरा गावी आजारी पडला होता आणि खोली त्याच्या नावावर. हा सासऱ्याच्या जागी जाऊन बसला होता. चेहरा याचा, अंगठा याचा, नाव त्याचं.

"होय," तो म्हणाला. "थंयचोच मी. पाणी पिऊक वर इल्लंय."

मी बोलले असते तर सात नंबरची खोली गेली असती, दोन लहान पोरांसकट. गप्प बसले तर हा जाणार होता. तुम्ही काय केलं असतं ते मला सांगू नका.

"मग तुम्ही एकट्याच?" साहेबांनी विचारलं.

मी म्हटलं, "एकटीच."

ते गेल्यावर मी त्याला वाट्टेल ते बोलले. "आजच्या दिवशीसुद्धा? अक्कल आहे का?"

"रडत होती ती, वयनी."

"आणि मी रडले असते तर बसला असता इथे?"

"तुमी कदी रडलात?" एवढंच म्हणाला.

मी त्याची ट्रंक उचलून आत आणली. चटई मोरीजवळ टाकली. यादीत नसला म्हणून काय झालं, चाळ अजून उभी होती. पाच महिने तो आत झोपला. एकदा विचारलं, आता कुणाची स्वप्नं पडतात? म्हणाला, "काय पडणा नाय. नुसती झोप."

तो गेला तेव्हा दुपार होती. मी डाळ निवडत होते. हाक मारली, ओ दिली नाही.

स्मशानातल्या कारकुनाने नाव विचारलं. मी पुरं नाव सांगितलं, बापाच्या नावासकट. पत्ता विचारला, माझ्या खोलीचा सांगितला. "नातं?"

"माझ्याकडचे."

"म्हणजे कोण, आजी?"

"म्हणजे माझ्या घरातले. लिहा."

त्याने लिहिलं. मृत्यूचा दाखला हातात आला तेव्हा आम्ही चाळीतले सगळे दुसरीकडे राहायला गेलो होतो. चौथीपर्यंत शिकलेय, मला वाचायला वेळ लागतो. दोनदा वाचला. त्याचं नाव आणि खाली माझ्या खोलीचा नंबर, छापलेला.

त्याच आठवड्यात चाळ पाडायला घेतली. मी बघायला गेले. आमचा मजला पडायला काही वेळ लागला नाही. धूळ मात्र खाली येईना. काचांवरून आलेल्या उन्हात ती पिंजलेल्या कापसासारखी तरंगत होती. मी पदराने नाक-तोंड झाकलं आणि ती बसेपर्यंत उभी राहिले.