बाराच्या उन्हातला रंग

रंग जुळला की नाही हे आमच्या घरी बाराच्या उन्हात ठरतं. सकाळचं ऊन पिवळं, संध्याकाळचं तांबूस आणि ट्यूबलाइट तर धादांत खोटी, असं अप्पांचं म्हणणं. लष्कर मोहल्ल्यातल्या आमच्या गच्चीवर अप्पा, म्हणजे माझे वडील, अजून दुपट्टे रंगवतात. गिऱ्हाईक ब्लाउजचा तुकडा देतं, त्याला जुळणारा रंग ते उकळत्या पातेल्यात दुपट्ट्याला चढवतात. मग आम्ही दोघं भर दुपारी दुपट्टा आणि तुकडा शेजारी धरून बघायचो, मी आठ वर्षांची असल्यापासून. "किंचित निळा हवा," मी म्हणायची आणि अप्पा वाद न घालता पातेल्याकडे वळायचे. दुसऱ्या कुठल्याही बाबतीत त्यांनी माझं इतकं ऐकलेलं नाही.

चार वर्षांपूर्वी माझ्या दोन्ही गालांवर, नाकावरून जाणारा लाल चट्टा उठला. सांधे धरले, ताप उतरेना. डॉक्टरांच्या आधी अप्पांनीच निकाल दिला: दोष त्यांच्या रंगांचा. पातेली घासून काढली, तीन डबे फेकून दिले, माझ्याकडे बघेनात. डॉक्टरांनी ल्यूपस असल्याचं सांगितलं. रंगांचा काही संबंध नाही, पण उन्हाने हा आजार उसळतो, तेव्हा ऊन टाळा, असं बजावलं. अप्पा मात्र दुधाने पोळलेले, ताकही फुंकून पिऊ लागले. वर गेले की गच्चीच्या बाजूने कडी लावून घ्यायचे.

मी हेब्बाळला नोकरीला जाते. कंपनीच्या बसमध्ये सावलीची बाजू, पूर्ण बाह्या, हातमोजे, रुंद काठाची टोपी, दर दोन तासांनी सनस्क्रीन. ढगाळ दिवशीसुद्धा हे सगळं. गोरी राहायची हौस आहे, असं बसमधल्या बायकांना वाटतं. समजावून दमले, आता सरळ हो म्हणते. खरं म्हणजे मला ऊन हवं आहे. ओलं कापड झटकताना पाठीवर पडायचं, तेच. अप्पांच्या शेजारी उभं राहून. त्यासाठी मी एकदा न्हाणीघरात नळ सोडून रडले आहे.

यंदा एका लग्नाचा दुपट्टा परत आला. मोरपंखी मागितला होता, अप्पांनी पोपटी दिला. मोतीबिंदू पिकत चाललाय हे त्यांना मान्य नव्हतं. "हे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत," माझ्यावरच ओरडले. पण त्या रात्री जेवले नाहीत, आणि दोन दिवस भट्टीही पेटवली नाही. आता हे काम बंद करावं, असं आईला हळूच म्हणाले.

रविवारी तो दुपट्टा पुन्हा रंगवायला त्यांना मीच वर पाठवलं. बारा वाजले तशी टोपी, हातमोजे, सनस्क्रीन असा सगळा सरंजाम करून जिना चढले आणि दार ठोठावलं.

"अय्यो, बिसिल बघ केवढं आहे! खाली जा तू," दारापलीकडून अप्पांचा घाबरा आवाज आला.

आमच्या घरी उन्हाला कानडीतलं बिसिलच म्हणतात.

"दार उघडा, अप्पा. मी उंबऱ्याच्या आतच राहते. तुम्ही उन्हात धरा, मी इथून बघते."

मग कडी निघाली. मी जिन्यावरच्या पत्र्याच्या सावलीत, भिंतीला टेकून उभी राहिले. अप्पा गच्चीच्या मधोमध गेले आणि दुपट्टा नि तुकडा दोन्ही हातांनी उंच धरले.

जुळला होता. पहिल्याच नजरेत कळलं. हिरव्यात निळा नेमका उतरला होता. ऊन त्यांच्या मनगटांवर होतं, ओल्या कापडावर होतं, आणि त्यांच्या डाव्या बाजूच्या रिकाम्या फरशीवर, जिथे मी उभी राहायची, तिथेही होतं.

"साकु का गं?" अप्पांनी विचारलं. "पुरे का? की निळा घालू?"

"अजून नीट दिसत नाही, अप्पा," मी म्हटलं. "जरा तसेच उभे राहा."