ट्रूसचं कार्ड

इंग्रजी-मराठी कोशाच्या कार्यालयात दादा आणि ताई समोरासमोर बसत. सख्खे भाऊ-बहीण, पण नऊ वर्षं एकमेकांशी अवाक्षर नाही. ताई शब्दांची कार्डं लिहायची, दादा ती तपासायचा आणि चार पावलांवरच्या टेबलावर कार्ड पोचवायला शिपाई लागायचा. भांडण झालं तेव्हा कोश 'जी' अक्षरावर होता, आता 'टी' संपत आला होता. काम मुंगीच्या पावलांनी, अबोला मात्र ठणठणीत.

आईच्या शेवटच्या आजाराचं दादाने उशिरा कळवलं. ताई पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. पुढच्याच आठवड्यात तिने भर कार्यालयात तोंड सोडलं, "आईला तूच मारलंस!" हे खरं नाही, हे तिला बोलतानाच ठाऊक होतं. पण चूक कबूल करायला ताठा आडवा आला.

शनिवारी दादा निवृत्त होणार होता. बुधवारी ताईच्या पुढ्यात 'ट्रूस' आला. अर्थ सोपा: लढाई काही काळ थांबवण्याचा करार. मग तिने मूळ शोधलं. त्याच अर्थाच्या 'आर्मिस्टिस' या शब्दाच्या मुळाशी नुसती थांबलेली शस्त्रं असतात. तसं तर या दोघांचंही चाललंच होतं. 'ट्रूस' मात्र 'भरवसा', 'दिलेलं वचन' अशा अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दातून आलेला. आता समोर माणूस बसलेला असताना उठून बोलावं की नाही? या बाईने उदाहरणाच्या ओळीत लिहिलं: 'बहीण चुकीचं बोलली होती, तिने भावाकडे ट्रूस मागितला.' कोशात जन्म घालवलेल्यालाच असा मूर्खपणा सुचतो.

"दादांना दे," ती शिपायाला म्हणाली, "आणि नीट वाचा म्हणावं."

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. शनिवारी हार, भाषणं, चहा झाला. दादा एकेकाला भेटला आणि तिच्याकडे न बघता जिना उतरला.

"ताई, जाताना हे दिलं," शिपायाने कार्ड पुढे केलं. "नीट वाचलंय म्हणाले."

अर्थापुढे बरोबरची खूण. मुळापुढेही. उदाहरणावर लाल रेघ आणि बाजूला दादाचं टपोरं अक्षर: 'अनावश्यक. गाळावे.' खाली सही.

ताईने ते कार्ड टेबलावर ठेवलं. रडू येईल असं वाटलं होतं, आला तो नुसता राग, आणि तोही स्वतःचाच. दुरुस्त कार्ड ज्याचं त्यानेच पुन्हा लिहायचं, हा तिथला रिवाज. तिने कोरं कार्ड ओढलं. अर्थ उतरवला, मूळ उतरवलं, उदाहरण गाळलं. तपासणीचं कामही आता साहेबांनी तिच्याच गळ्यात मारलं होतं, म्हणून दादाच्या जागी तिने स्वतःच सही केली.