बाईंच्या वाक्याची जागा

वणीतल्या आमच्या हौशी नाट्यमंडळाचं दफ्तर म्हणजे दोन लोखंडी पेट्या. त्यात जुन्या संहिता, हस्तपत्रिका आणि फोटो. ते सगळं सांभाळतात आमचे म्हातारे प्रॉम्प्टर. गावाजवळच्या खाणींतून येऊन पेट्यांवर बसलेली कोळशाची धूळ ते रोज पुसतात आणि एकही कागद कुणाला घरी नेऊ देत नाहीत. "इथंच वाचा. घरी गेलेलं नाटक वापस येत नाही," म्हणतात.

सगळा जन्म विंगेत गेला, त्यामुळे त्यांचं बोलणं दबक्या आवाजात. आपण बोलताना जरा अडखळलो, की पुढचा शब्द पुटपुटून मोकळे. मला त्याचा राग येई. हा माणूस कुणाला क्षणभर गप्प राहू देत नाही, असं वाटे.

मंडळात वर्षानुवर्षं नायिकेचं काम केलेल्या बाई मध्यंतरी वारल्या. शोकसभेत भाषणं झाल्यावर प्रॉम्प्टरांनी पेटीतून त्यांच्या गाजलेल्या नाटकाची संहिता काढली आणि त्यातला एक प्रवेश वाचायला घेतला. इतरांची वाक्यं त्यांनी वाचली. बाईंचं वाक्य आलं तसे ते थांबले. आम्हाला वाटलं, वय झालं, ओळ हरवली असेल. मंडळातली एक नवी मुलगी मदतीला उठली आणि त्यांच्या हातातल्या संहितेत डोकावून ते वाक्य वाचू लागली.

त्यांनी हात वर केला.

"थांब पोरी," ते हळूच म्हणाले. "बाईचं बोलणं होऊन राह्यलं अजून."

मुलगी खाली बसली. ते वाक्य म्हणायला बाईंना लागायचा तेवढा वेळ त्यांनी जाऊ दिला. मगच पुढचं वाक्य वाचलं.