तक्रार नाही

जेलात जायची हौस कुणाला नसते. शकुनबाई निमकर्डे मात्र दर दोन-तीन महिन्यांनी कडक इस्त्रीचं पातळ नेसून, घरच्या मळ्यातलं शेवंतीचं फूल केसांत खोचून, एसटीनं जेलात जायच्या आणि दिवस कलला की परत यायच्या. गावात त्यांना 'जेलवाली बाई' म्हणत. पाठीमागेही म्हणत आणि तोंडावरही म्हणत. वऱ्हाडात या दोन्हींत फार अंतर नसतं.

त्यांचं घर अकोल्याच्या अलीकडे, डांबरी रस्ता सोडून जरा आत. नवरा केशवराव. दोघांचा फुलांचा मळा होता, झेंडू, शेवंती, गलांडा, आणि बांधाकडेनं थोडी मेथी-कोथिंबीर. माल अकोल्याच्या बाजारात जायचा, दसरा-दिवाळीला अमरावतीलाही. मधे एकदा शकुनबाई सरपंच झाल्या होत्या. तेव्हा गावाला पिवळं पाणी येतं म्हणून त्या पदर खोचून स्वतः टाकीत उतरल्या आणि आतला मेलेला कावळा ग्रामसेवकाच्या टेबलावर आणून ठेवला. ही गोष्ट वरच्या कचेरीपर्यंत गेली असावी. कारण तालुक्याच्या जेलाच्या अभ्यागत मंडळावर एक बिगरसरकारी बाई पाहिजे झाली, तेव्हा साहेब लोकांना त्यांचंच नाव आठवलं.

अभ्यागत मंडळ म्हणजे जेल तपासणारी मंडळी. त्यात न्यायाधीश असतात, कलेक्टर कचेरीतले असतात, डॉक्टर असतो आणि एक-दोन आपल्यासारखी माणसं असतात. कोठडीत माणसं मावतात की कोंबलीत, खिडकीतून वारा येतो की नाही, वरण पातळ की घट्ट, आजाऱ्याला औषध मिळतं का, हे सगळं सरकारी नियमाशी ताडून बघायचं आणि जाताना बुकात शेरा लिहायचा. बाकीची मंडळी बहुधा ऑफिसातला चहा पिऊन शेरा लिहीत. शकुनबाई चहाला हात लावत नसत. "चाहा पेल्यावर माणूस मऊ होते," असं त्यांचं म्हणणं होतं.

पहिल्याच फेरीत त्यांनी बायकांच्या बराकीतला संडास पाहिला. अर्ध्या उंचीची भिंत, दार नाही. आत बसलेल्या बाईचं डोकं साऱ्या बराकीला दिसायचं. शकुनबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नियम काढा म्हणाल्या. नियमात आडोसा लिहिलेला होता, दार लिहिलेलं नव्हतं. "आडोसा म्हंजे काय वो साहेब? तुमच्या घरच्या संडासाले आडोसा हाये का दार हाये?" असं त्यांनी भर बैठकीत विचारलं. साहेब खाली बघू लागले. तरी दार बसायला दोन पावसाळे गेले. पण बसलं. हिरव्या रंगाचं, पत्र्याचं, आतून कडी लागणारं दार. शकुनबाईंना त्या दाराचा फार अभिमान. दर फेरीला त्या आधी जाऊन ते उघडून बघत, कडी लावून बघत, बिजागरीत तेल आहे का बघत.

मग बायकांसमोर उभं राहून विचारत, "काही तकलीफ हाये का?"

उत्तर ठरलेलं असे. कौशल्या नावाची एक म्हातारी कैदीण सगळ्यांत जुनी. ती हात जोडून म्हणे, "नाही ताई, सारं बरं हाये." तिच्यामागून बाकीच्या म्हणत, "नाही ताई." कोपऱ्यातली एक काळीसावळी, हडकुळी बाई तेवढी "हो" म्हणायची. तिचं नाव जमुना कास्देकर. मेळघाटातली, सेमाडोहकडची. ती "हो" म्हणाली की बाकीच्या हसायच्या. "ते सगळ्यालेच हो म्हंते ताई. जेवली का म्हना, हो. मेली का म्हना, हो." शकुनबाईही हसायच्या. जमुनाच्या डोक्यावरून हात फिरवायच्या आणि बुकात लिहायच्या: 'बराक स्वच्छ. दार सुस्थितीत. तक्रार नाही.'

असं दिवाळीनंतरच्या फेरीला झालं, संक्रांतीनंतरच्याला झालं, होळीनंतरच्यालाही झालं.

मे महिन्यात अकोल्याचं ऊन कसं असतं ते अकोलेकरालाच विचारावं. पाखरं झाडाखाली मरून पडतात. त्या उन्हात शकुनबाई डोक्याला ओला दुपट्टा बांधून गेल्या, कारण त्यांना बराकीत कूलर बसवून घ्यायचा होता. त्या दिवशी बराकीवर नवी शिपाई होती. पौर्णिमा तिचं नाव, धारणीची, म्हणजे मेळघाटातलीच पोरगी, नुकतीच बदलून आलेली. शकुनबाईंनी दार बघितलं, कडी लावून बघितली आणि नेहमीचा प्रश्न विचारला. नेहमीसारखं "नाही ताई" झालं. नेहमीसारखं "हो" झालं. बाया हसल्या.

पौर्णिमा हसली नाही. "बाई, तिले समजत नाही. ते कोरकू बोलते."

"थोडी तं समजत असंन."

"नाही बाई. इचारू का मी?"

पौर्णिमा जमुनापुढे उकिडवी बसली आणि तिच्या बोलीत काहीतरी म्हणाली. जमुनानं आधी मान वर केली. मग तिनं पौर्णिमाचं मनगट धरलं आणि बोलायला लागली ती थांबेचना. कोरड्या विहिरीला झरा फुटावा तसं ते बोलणं होतं. बराकीतल्या बाया जवळ सरकल्या. एवढा आवाज या बाईत आहे हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"काय म्हंते?" शकुनबाईंनी विचारलं.

"म्हंते, मले सजा किती झाली थे कोनी सांगतलं नाही. बाकीच्या जातेत, मी काहून जात नाही? जलमभराची झाली का?"

शकुनबाई तडक ऑफिसात गेल्या. जेलर किसनराव हा काही वाईट माणूस नव्हता. निवृत्तीला टेकलेला, मधुमेहानं थकलेला, साधा माणूस. त्यानं काही लपवलंही नाही. "सजा कुठची ताई? केस तं चालूच हाये. हायवेच्या कामावरची तांब्याची तार चोरली म्हनून आनली व्हती. अन बेल तं तिचा दिवाळीतच झाला."

"मंग ते अथी काय करून राहिली?"

"जामीनदार नाही न. कोर्टानं सातबारावाला मानूस मांगतला. तिचं कोनी आलंच नाही."

"तिले सांगतलं का, तुहा बेल झाला म्हनून?"

"सांगतलं न. सांगतलं तवा हो म्हने."

शकुनबाईंच्या समोर शेऱ्याचं बुक होतं. त्यातले आपलेच शेरे त्यांना तोंडपाठ होते. सगळ्यांना सगळं माहीत होतं. कोर्टाला, सरकारी वकिलाला, जेलरला, कारकुनाला. जिच्याबद्दल होतं तिला तेवढं माहीत नव्हतं. आणि आपण दाराच्या बिजागरीत तेल बघत बसलो. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

गरीब कैद्यांची केस फुकट चालवायला सरकारनं नेमलेल्या वकिलाकडे त्या गेल्या. तो म्हणाला, जामीनदाराशिवाय, नुसत्या जातमुचलक्यावर सोडा असा अर्ज करता येतो, पण कोर्टाला उन्हाळी सुटी लागली. सुटीतलं कोर्ट जामीनदार उभा राहिला तर सोडील, जातमुचलक्याचा अर्ज मात्र सुटीनंतरच ऐकेल. म्हणजे पुढं पाऊस, पुढं तारीख, तारखेपुढं तारीख. शकुनबाई म्हणाल्या, "जामीनदार मीच राह्यली तं?"

ते जेलरला विचारा, असं वकील म्हणाला, आणि किसनरावानं नियम दाखवला. मंडळावरच्या माणसानं कैद्याशी खासगी देणंघेणं, हमी, जामीन असं काही ठेवायचं नाही. नियम बरोबरच होता. उद्या कुणी मंडळाच्या आडून दुकान मांडलं असतं. "तुमी मंडळ सोडसान तं गोष्ट येगळी," किसनराव म्हणाला, "पन सोडू नका ताई. तुमच्या जागी येईन तो चाहा पिऊन जाईन."

ते शकुनबाईंनाही पटत होतं. कूलर अजून व्हायचा होता. त्या दिवशी एसटीत त्यांच्या शेजारची बाई काय बोलली ते त्यांच्या कानात शिरलं नाही. एक बाई बाहेर काढावी, तर आतल्या साऱ्यांना सोडून द्यावं लागत होतं. आणि साऱ्यांसाठी राहावं, तर जमुनाला पावसाळाभर त्या कोपऱ्यात बसू द्यावं लागत होतं. नेमकं तिलाच, जिला त्यांनी तीनदा डोक्यावरून हात फिरवून तिथंच ठेवलं होतं.

घरी आल्यावर त्यांनी केशवरावांना सांगितलं. मळा दोघांच्या नावावर होता, त्यामुळे त्यांच्या सहीशिवाय काही होणार नव्हतं. केशवराव बिया निवडत होते.

"जेलातल्या संडासाले दार लावलं," ते म्हणाले, "आता घराचं दार काढतं का?"

"चेष्टा नोका करू."

"तिनं तार चोरली का?"

"माईत नाही."

"माईत नाही अन सातबारा देतं?"

"कोर्टालेबी माईत नाही. त्यानं बेल देला न."

केशवरावांनी बियांचं सूप बाजूला ठेवलं. "अन तारखेले आलीच नाही तं? जंगलात कोन धुंडन तिले?"

"आपन दोघं जाऊ. लगन झाल्यापासून म्हंता, सेमाडोहले वाघ दाखवतो म्हनून."

केशवराव हसले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी, शकुनबाई फुलं तोडत असताना, त्यांनी मोटरसायकल काढली आणि कुठं जातो ते न सांगता गेले. परत आले तेव्हा खिशात तलाठ्याकडचा ताजा सातबारा होता. तो त्यांनी देवघरातल्या पाटावर ठेवला आणि हातपाय धुवायला गेले. नवरा बोलत नाही म्हणून शकुनबाईंनी आयुष्यभर कटकट केली होती. त्या दिवशी त्यांनी देवाला आणि नवऱ्याला एकाच वेळी हात जोडले.

राजीनामा एका ओळीचा होता. तो देऊन त्या कोर्टात गेल्या, जामीनदार म्हणून सही केली, आणि हुकूम जेलात पोचेपर्यंत बाहेरच्या लिंबाखाली बसून राहिल्या. इतक्या वर्षांत त्या या झाडाखाली कधी बसल्या नव्हत्या. इथं मुलाखतीला आलेले नातेवाईक बसत, हातात बिस्किटाचे पुडे घेऊन. शकुनबाई त्यांच्याजवळून सरळ आत जात आणि शिपाई त्यांना सलाम करी.

ऊन उतरता उतरता मोठ्या फाटकातलं लहान दार उघडलं. पौर्णिमा बाहेर आली. तिची सुटी लागली होती, ती धारणीला जाताना जमुनाला घरी पोचवणार होती. जमुना उंबऱ्याच्या आतच थांबली. कुणी तरी 'चल' म्हणेल म्हणून वाट बघत होती. पौर्णिमानं तिला हात धरून बाहेर घेतलं, आणि दार मागं बंद झालं.

जमुनानं शकुनबाईंना ओळखलं. मग तिनं पौर्णिमाला काहीतरी विचारलं. पौर्णिमा चुळबुळली.

"काय म्हंते?"

"म्हंते, ह्या बाई दरयेळी यायच्या, मायाकडं पाहून काही इचारायच्या. काय इचारत व्हत्या?"

"सांग न. तुले काही तकलीफ हाये का, असं इचारत व्हती."

पौर्णिमानं सांगितलं. जमुनानं पुन्हा विचारलं. पौर्णिमा आता खालीच बघायला लागली. "म्हंते, मंग मी काय म्हनत व्हती?"

"हो म्हनत व्हती."

"अन तुमी काय लिवत व्हत्या, असं म्हंते."

पौर्णिमा म्हणाली, "जाऊ द्या बाई, मी काहीबाही सांगतो तिले."

"काहीबाही नोको सांगू," शकुनबाई म्हणाल्या. "तक्रार नाही, असं लिवत व्हती म्हन. जसंच्या तसं सांग."

पौर्णिमानं सांगितलं. जमुनानं ते ऐकून घेतलं. ती रागावली नाही, रडलीही नाही. रडायच्या त्या शकुनबाई रडत होत्या, भर रस्त्यात, पदर न लावता. मग बंद फाटकाकडं हात करून जमुना सावकाश काहीतरी बोलली.

"म्हंते, आत ते म्हातारी हाये, कौशल्या," पौर्णिमा म्हणाली. "ते तुमाले नाही म्हंते. पन राती तोंडात पदर कोंबून रडते. तिलेबी नीट इचारा म्हंते."

शकुनबाईंनी फाटकाकडं पाहिलं. आत जायचा त्यांचा हक्क सकाळीच संपला होता.

एसटी आली, पौर्णिमा आणि जमुना गेल्या. पुढच्या मुलाखतीच्या दिवशी शकुनबाई मळ्यातलं काम केशवरावांवर टाकून पुन्हा तालुक्याला आल्या. लिंबाखालच्या रांगेत, बिस्किटाचे पुडे घेतलेल्या बायांच्या मागं, त्या उभ्या राहिल्या. रांग उन्हात होती आणि हळूहळू सरकत होती. खिडकीशी त्यांचा नंबर आला तेव्हा आतला कारकून दचकून उठून उभा राहिला.

"ताई, तुमी काहून रांगेत? कोनाले भेटाचं हाये?"

"कौशल्याले."

कारकुनानं पेन हातात घेतलं आणि अडखळला. "नातं काय लिहू?"

"तुले जे लिहाचं थे लिही, बाप्पा," शकुनबाई म्हणाल्या. "मले तिले एक इचाराचं राह्यलं हाये."