वत्सलाक्कांनी आज दार उघडलं होतं

गटातल्या मंडळींनो, आज आवडी उपनगरात माझ्या हातून एक माणूस निसटलं.

माझ्याकडे डिग्री नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. कारखान्यात लेथवर वीस वर्षं काढली, समुपदेशन पुस्तकं वाचून आणि डॉक्टरांशेजारी बसून शिकलो. माझ्या नोंदी भल्याभल्यांपेक्षा चोख असतात.

वत्सलाक्का, नाव बदललंय, नवरा गेल्यापासून कुणाशी बोलत नव्हत्या. त्यांच्या मुलीने सहा महिने विनवलं तेव्हा कुठे आज मला घरात घेतलं. फिल्टरची कापी दिली. मग म्हणाल्या, "अण्णा, सकाळी उठावंसंच वाटत नाही."

मी वही उघडली. कधीपासून? झोप किती तास? दिवाळीच्या आधी की नंतर?

"शिरगणतीला आल्यासारखं विचारताय," म्हणाल्या, आणि माझा अर्धा पेला उचलून आत गेल्या. परत आल्या नाहीत.

दुपारी मुलीचा मेसेज आला, 'आई म्हणते, आता कुणालाही आणू नकोस.'

सहा महिन्यांत त्यांनी मनातलं एकच वाक्य उच्चारलं आणि मी त्याची तारीख विचारली.

मला आता तिथे जागा नाही. आवडीच्या बाजूला कुणी बाई आहे का, जी काही न विचारता त्यांच्याजवळ नुसती बसेल?