तक्रारीचा पत्ता

सकाळचा पहिला चहा आणि पहिली शिवी, माझ्या घरात दोन्ही एकाच वेळी होतात. चहा आल्याचा, शिवी कोल्हापुरी. लॅपटॉप उघडायचा, आमच्या मराठी मंडळाच्या मेल सर्व्हरची नोंद काढायची आणि कालपासून कुणी कुणी कुलूप खडखडवून गेलं ते बघायचं. ढिगानं असतात मेले. बहुतेक वेळा माणसं नसतातच, यंत्रं असतात. कुणाच्या दुकानातला कॅमेरा, कुणाच्या हापिसातला विसरलेला कंप्युटर. त्यात भलताच कुणीतरी घुसून बसलेला असतो आणि तिथून जगातल्या सगळ्या दारांना किल्ल्या लावत सुटतो. दार उघडलं की आपल्या नावाने लॉटरीची पत्रं वाटायला मोकळा.

प्रत्येक यंत्राला इंटरनेटवर आकड्यांचा पत्ता असतो. तो कुठल्या कंपनीने दिला ते शोधता येतं, आणि त्या कंपनीची तक्रारीसाठी वेगळी पेटी असते. मी तिथं पत्र लिहिते. तुमच्या अमुक पत्त्यावरून, अमुक वेळेला, आमच्या दारावर एवढ्या धडका बसल्या, या नोंदी बघा आणि बंदोबस्त करा. रोज अर्धा तास. मग डबा भरायचा आणि ऑफिसला पळायचं. गंमत म्हणजे ऑफिसातही मी सर्व्हरच सांभाळते, पण तिथं पत्रं लिहायला कुणी सांगत नाही.

नवरा म्हणतो, "अडवलंस ना त्याला? मग झालं की. कशाला जगाला शहाणं करत बसतेस?"

"मी कडी लावली की तो शेजारच्या दारात जातो."

"जाईना!"

या "जाईना"वर आमची दोनदा कडाक्याची भांडणं झाली आहेत. मुलगी जयपुरातच वाढलेली, तिनं हे सगळं एका वाक्यात बसवलं: "मतलब आई, तू रोज चोराच्या मम्मीला नाव सांगतेस." अगदी तेच! आणि चोरांच्या मम्म्या बहुतेक बहिऱ्या असतात. कुणी ठरावीक छापील उत्तर पाठवतं, कुणाची तक्रारीची पेटीच भरलेली असते आणि माझं पत्र तोंडावर परत येतं. आजवर एकदाच एका परक्या देशातल्या माणसाने दोन ओळी लिहिल्या, की आभारी आहे, ग्राहकाचा जुना कॅमेरा होता, काढून टाकायला लावला. त्या दिवशी मी शिरा केला.

हे वेड मला आधी नव्हतं. ते कुठून आलं ते सांगितलं पाहिजे, कारण त्यात माझी लाज आहे.

आदर्श नगरमधले काका आमच्या मंडळाचे चिटणीस. बारा वर्षांपूर्वी मी कोल्हापूरहून इथं आले तेव्हा विद्याधर नगरमधली खोली, गॅस, दूधवाला, सगळं त्यांनीच लावून दिलं. बदलीवर येणारी फौजेतली कुटुंबं, नोकरीला आलेली पोरंपोरी, सगळ्यांचा पहिला फोन काकांना आणि पहिलं जेवण काकूंच्या हातचं. मंडळाच्या मोबाइल ग्रुपवर एकदा निधनाच्या बातमीखाली कुणीतरी चुकून केकचं चित्र टाकलं. काका भयंकर संतापले. तेव्हापासून नियम झाला, दुःखाची बातमी ग्रुपवर टाकायची नाही, ती मंडळाच्या मेलनेच जाईल. नीट शब्दांत, सगळ्यांना एकदम.

पौषातल्या थंडीत काका गेले. काकूंनी अध्यक्षांना फोन केला, "सगळ्यांना कळवा." अध्यक्षांनी नियमाप्रमाणे दोनशे घरांना मेल पाठवला. त्याच आठवड्यात मंडळाच्या क्रीडा विभागाची एक पेटी, जी दोन वर्षं कुणी उघडलीसुद्धा नव्हती, कुणीतरी फोडली होती आणि तिच्यातून लॉटरीची पत्रं जगभर गेली होती. त्यामुळे आमच्या सर्व्हरचा पत्ता मेल कंपन्यांच्या बदनाम यादीत गेला. काकांच्या निधनाचा मेल दोनशे घरांत पोचला, पण कचऱ्याच्या, म्हणजे स्पॅमच्या, पेटीत. ती पेटी कोण उघडतं? अंत्यविधीला मंडळातली सात माणसं आली, तीही अध्यक्षांनी जाता जाता फोन केले म्हणून. मीसुद्धा तिसऱ्या दिवशी गेले. कारण मलाही कळलं नव्हतं.

नंतर एकेक जण जायला लागला. "काकू, कळलंच नाही हो." काकूंनी ऐकून घेतलं. पण मेल गेला होता, अध्यक्षांनी तो त्यांना मोबाइलवर दाखवला होता. मग हे सगळे खोटं बोलतायत, असाच त्यांनी अर्थ लावला. कुणीही लावला असता. चाळीस वर्षं ज्यांच्या लग्नाकार्यात काकांनी पंगती वाढल्या, त्यांनी खांदा द्यायला यायचं टाळलं आणि वर तोंडावर खोटं बोलले. काकूंनी फोन घेणं बंद केलं, मग दार उघडणंही. दिवाळीच्या आत घर सोडून मिरजेला बहिणीकडे कायमचं जायचं ठरवलं.

ती क्रीडा विभागाची पेटी वेळेवर बंद करणं माझं काम होतं. अध्यक्ष म्हणाले, "आता सांगून काय उपयोग? काकूंना उगीच त्रास." आणि मी, कोल्हापूरची म्हणून मिरवणारी, गप्प बसले. मेलचं पुन्हा असं होऊ द्यायचं नाही, एवढं मात्र मनाशी पक्कं केलं आणि त्या पत्त्यांच्या हात धुऊन मागे लागले. सर्व्हरचं नाव यादीतून सोडवून घेतलं. पाच चुकीच्या किल्ल्या लावल्या की दिवसभर दार बंद, असा नियम लावला. आठ महिने एक सकाळ चुकवली नाही.

भाद्रपदात नोंदीत एक वेगळाच पाहुणा दिसायला लागला. पत्ता जयपूरचाच. रोज दुपारी चारच्या सुमारास यायचा, पाच किल्ल्या लावायचा, अडवला जायचा. दुसऱ्या दिवशी नव्या आकड्यांचा पत्ता घेऊन पुन्हा हजर. घरगुती कनेक्शनचे पत्ते असे बदलत असतात. सर्व्हर पासवर्ड काही नोंदत नाही, पण वापरणाऱ्याचं नाव म्हणून वरच्या चौकटीत जे टाकलं जातं ते लिहून ठेवतो. तिथं ओळीने होतं: thalipith, thalipit, thalipeeth. दुसऱ्या दिवशी thaalipith, thaleepeeth.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. थालीपीठ! म्हणजे हा यंत्र नाही, माणूस आहे, आणि आपल्यातलाच आहे. घरभेदी! कुणी विचारेल, थालीपीठ नावाची पेटी मंडळात होती का? नव्हती. पण मला विचार करायचा नव्हता, मला पकडायचं होतं. गेल्या वर्षी नाटकाच्या तालमीवरून भांडून मंडळ सोडून गेलेला एक गृहस्थ माझ्या डोळ्यांसमोर आला आणि मनातल्या मनात मी त्याला फासावर देऊनही टाकलं.

कनेक्शन देणाऱ्या कंपनीला मी तीन पत्रं लिहिली. एरवी माझी पत्रं नम्र असतात, ही नव्हती. चौथ्या दिवशी फोनच केला आणि तिथल्या माणसाला पंधरा मिनिटं सोडलं नाही. शेवटी तो कंटाळून म्हणाला, "मैडमजी, कस्टमर का कनेक्शन रोक दिया है. अब खुश?"

खूश? मी नाचायची बाकी होते. दुसऱ्या दिवशी चारला कुणी आलं नाही. मी अध्यक्षांना कळवलं, नवऱ्याला ऐकवलं, "बघ, चोराच्या मम्मीने ऐकलं."

त्याच संध्याकाळी फोन वाजला. काकू. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

"अगं, आमचं नेट बंद पडलंय. कंपनीवाला म्हणतो, तुमच्या घरातून कुणाच्या तरी कंप्युटरमध्ये घुसायचा प्रयत्न होतोय. माझ्या घरात मी एकटी, घुसणार कोण? तुला यातलं कळतं ना? जरा येऊन जाशील?"

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी स्वतःच्या हाताने दिली होती.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. सकाळीच गेले. बैठकीच्या खोलीत भिंतीला लागून खोकी रचलेली होती, प्रत्येकावर काकूंच्या अक्षरात: भांडी, पुस्तकं, कप. काकांचा कंप्युटर तेवढा जागेवर होता. शेजारी त्यांची डायरी उघडी. त्यात शाईने, देवनागरीत लिहिलेलं: मेल, परवलीचा शब्द, थालीपीठ.

"आमचे हे इंग्रजीत कसं लिहायचे ते मला कुठे माहीत?" काकू म्हणाल्या. "रोज चारला चहा झाला की बसते. एकेक स्पेलिंग लावून बघते. पाच झाली की ते कंप्युटर रुसतं."

"पण काकू, वरच्या चौकटीत का? पासवर्ड खाली असतो."

"खाली नुसते ठिपके दिसतात गं. मी काय लिहिलं ते मलाच दिसत नाही. म्हणून वर लिहिते."

मला हसू आलं. "मला विचारायचं होतं ना. मी एका मिनिटात उघडून दिली असती."

"विचारलं असतं तर तू कारण विचारलं असतंस."

मी विचारलंच. काकूंनी डायरी मिटली.

"ते मेल ह्यांच्याही पेटीत आलं असणार. त्याच्यावर सगळ्यांची नावं असतात, कुणाकुणाला गेलं त्यांची. ती मला बघायची होती. किती जण माझ्याशी बोलून गेले, कळलं नाही, कळलं नाही. वाटलं, जायच्या आधी एकदा बघू. त्यातल्या एखाद्याचं नाव यादीतून सुटलं असेल. एक जण तरी खरं बोलला असेल."

आता गप्प बसणं म्हणजे पापच झालं असतं. मी बसले आणि सगळं सांगितलं. क्रीडा विभागाची पेटी, लॉटरीची पत्रं, बदनाम यादी, कचऱ्याची पेटी, माझी रोजची तक्रारीची पत्रं. कुणीच खोटं बोललं नव्हतं काकू, एकही जण नाही. आणि ती पेटी मी बंद करायला हवी होती. तुमचं नेटही मीच बंद करवलं.

काकूंची नजर खोक्यांवर गेली. मग म्हणाल्या, "त्यांना कळलंच नव्हतं."

"नाही."

"झोटवाड्याचा तो वर्कशॉपवाला. दारात उभा राहून रडला. मी म्हटलं, नाटकं करू नकोस." त्यांचा आवाज चढला. "आठ महिने! मी माणसं तोडली, घर मोडलं, आणि तुला माहीत होतं? जगातल्या कुठल्या कुठल्या कंपन्यांना तू रोज पत्रं लिहीत होतीस म्हणे. आणि विद्याधर नगरपासून आदर्श नगरपर्यंत यायला तुला रिक्षा मिळाली नाही?"

मी फक्त म्हटलं, "मला भीती वाटली."

"वाटू दे. उघड ती पेटी. आता मी सांगते ते लिही."

माझ्या मोबाइलचं नेट काकांच्या कंप्युटरला जोडलं आणि पेटीला नवा पासवर्ड दिला. काकूंनी उभ्यानेच सांगितलं, मी टाइप केलं. अजून पाठ आहे. "आमचे हे पौषात गेले. तुम्हांला कळवलं होतं असं मला वाटलं, ते तुमच्यापर्यंत पोचलं नव्हतं. कळलं नाही असं तुम्ही म्हणालात ते मी खोटं धरलं. ते खरं होतं. मला माफ करा. चूक मंडळाचा सर्व्हर बघणारीची आहे, ती माझ्या शेजारी बसली आहे." ही शेवटची ओळ गाळू का, असं मी विचारलं नाही. दोनशे घरांना पाठवलं. दहा-बारा जणांना मी लगेच फोन करून विचारलं, आलं का, कुठल्या पेटीत आलं. समोरच आलं होतं. आठ महिन्यांच्या सकाळी तेवढ्या कामाला आल्या.

मग कनेक्शनवाल्या कंपनीला फोन लावला. तक्रार मागे घेते भैया, घरमालकीणबाई निर्दोष आहेत, गलती माझी. त्याला हे कुठल्या रकान्यात भरायचं ते कळेना. मी म्हटलं, भर कुठेही, पण आजच्या आज भर.

तासाभरात दाराशी मोटारसायकल थांबली. खिडकीतून बघितलं तर झोटवाड्याचा वर्कशॉपवाला, कामाच्या कपड्यांतच, हात पुसत उभा. त्याच्या मागे रिक्षातून आणखी कुणीतरी उतरत होतं. घंटा वाजली. काकू खुर्चीतून उठल्या, पदर सारखा केला आणि पुन्हा बसल्या.

"जा, दार तू उघड," त्या म्हणाल्या. "त्यांना उशीर तुझ्यामुळे झालाय. आणि आधी ते कपांचं खोकं सोड."