पुस्तकावरून शिकलेली मोटार

पुस्तक वाचून मोटार हाकता येते का, असा प्रश्न मला माझ्या एका विद्यार्थिनीने विचारला होता. मी त्या वेळी "येते" असे उत्तर दिले. ते उत्तर कितपत बरोबर होते हे ठरवण्यासाठी हे लिहीत आहे. तेव्हा मी सोलापुरात मुलींच्या शाळेत शिक्षिका होते. जे काही मला येत होते ते पुस्तकांतूनच आले होते, त्यामुळे उत्तर देताना मला विचार करावा लागला नाही.

विद्यार्थिनी माझ्याहून चार वर्षांनी मोठी होती. तिचे यजमान सरकी काढण्याच्या कारखान्याचे मालक होते आणि नुकतेच वारले होते. मूलबाळ नव्हते. होटगीकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचा बंगला होता. बंगल्यावरची माणसे तिला बाईसाहेब म्हणत; मीही तसेच म्हणत असे, म्हणून इथेही तसेच लिहिते. त्यांना इंग्रजी वाचायला शिकायचे होते. दर गुरुवारी शाळा सुटल्यावर आणि रविवारी दुपारी मी जात असे. मी तेव्हा एका व्यापाऱ्याच्या माडीवर एकटी राहत होते. कुर्डुवाडीला वडिलांचे रेल्वेचे क्वार्टर होते, ते त्यांच्या मृत्यूनंतर सुटले होते, आणि सुटीत जावे असे ठिकाण उरले नव्हते. गुरुवार आणि रविवार हे दोन वार मी इतर पाच वारांपेक्षा जास्त मोजत असे.

पहिल्याच दिवशी मी शाळेचे क्रमिक पुस्तक काढले. बाईसाहेबांनी ते बाजूला सारून कातडी बांधणीचे एक जाड पुस्तक माझ्यापुढे ठेवले. विलायतेतल्या मोटार कंपनीने गाडीच्या मालकासाठी छापलेले ते पुस्तक होते.

"इंग्रजी यातूनच शिकवा," त्या म्हणाल्या. "मांजर उंदराच्या मागे धावली, हे मला विलायती भाषेत कळून काय करायचंय?"

त्या कंपनीचे नाव मी देत नाही. त्या काळी सोलापुरात ते नाव उच्चारले, की ऐकणारा आधी बोलणाऱ्याच्या पायांतल्या चपलांकडे पाही. गाडी नवी नव्हती. आधी ती एका संस्थानिकाकडे होती. दारावरचे राजचिन्ह खरवडून वरून काळा रंग दिलेला होता, पण ऊन तिरपे पडले की त्या रंगाखालून समोरासमोर उभे असलेले दोन वाघ दिसत. पुढे ड्रायव्हरची जागा, मध्ये काच, मागे मालकाची बैठक. मागून पुढे हुकूम देण्यासाठी हस्तिदंती तोंडाची नळी होती आणि खिडक्यांना रेशमी पडदे होते. यजमान उजव्या बाजूला बसत, बाईसाहेब डावीकडे. पडद्याच्या फटीतून जेवढे दिसे तेवढे त्या पाहत.

"बारा वर्षं या गाडीत बसले," त्या एकदा म्हणाल्या, "पण सोलापूर मी डाव्या बाजूनंच पाहिलंय. उजवीकडं काय आहे ते तुम्हीच सांगा."

आता अडचण काय होती ते सांगते. यजमानांचे धाकटे भाऊ, म्हणजे बाईसाहेबांचे दीर, कारभार पाहू लागले होते. त्यांनी प्रथम गाडीचा ड्रायव्हर कारखान्याच्या लॉरीवर नेला. मग, गाडी नुसती उभी राहून खराब होते, तेव्हा विकलेली बरी, असे ते म्हणू लागले. दुसरा ड्रायव्हर ठेवावा असे मी सुचवले.

"तो कुणाला विचारून गाडी काढणार?" बाईसाहेबांनी मला विचारले. "आणि मी कुठं गेले ते संध्याकाळी कुणाला सांगणार?"

त्यांना कोठेही जायचे असले की दिरांना निरोप पाठवावा लागे. टांगा येई, टांग्याबरोबर सोबतीला कोणी तरी येई. गाडी ही एकच वस्तू अशी होती की जिच्यात बसून, कोणाला न विचारता, फाटकाबाहेर पडता आले असते. पण त्यासाठी ती स्वतः हाकता यायला हवी होती. याच वेळी त्यांनी मला वर लिहिलेला प्रश्न विचारला.

आम्ही पद्धतशीर सुरुवात केली. प्रस्तावनेत कंपनीची थोरवी होती: प्रत्येक गाडी कारखान्यातून सोडण्यापूर्वी किती मैल चालवून पाहतात, इंजिनाचा आवाज तपासनीस कसा कान लावून ऐकतात. मालकी बदलल्यास कंपनीला कळवावे, असेही तिथे छापले होते. बाईसाहेबांनी माझ्याकडून इंग्रजीत पत्र लिहून घेतले आणि खाली स्वतः सही केली. ती सही त्या आठ दिवस गिरवत होत्या. दोन-अडीच महिन्यांनी उत्तर आले. गाडीचा अनुक्रमांक, पूर्वीचे दोन मालक आणि तिसऱ्या ओळीत बाईसाहेबांचे नाव. पाकिटावरही त्यांचेच नाव होते. स्वतःच्या नावाने आलेले ते त्यांचे पहिले टपाल. त्यांनी ते कपाटात ठेवले नाही. पुस्तकातच, ती तिसरी ओळ वर दिसेल अशी घडी घालून ठेवले.

त्यानंतर धडे मोटारखान्यात होऊ लागले. बाईसाहेब ड्रायव्हरच्या जागी, मी शेजारी, मांडीवर पुस्तक. मी एक वाक्य वाचून मराठीत अर्थ सांगायचा, त्यांनी वाक्यातल्या दांडीवर हात ठेवून तो पुन्हा सांगायचा. क्लच कोणत्या पायाखाली आणि ब्रेक कोणत्या, इंजिनातली ठिणगी लवकर किंवा उशिरा पाडण्याची लहान दांडी हातातल्या चाकावर कोठे, गिअर बदलताना क्लच दोनदा का दाबावा. इंजिन बंदच असे. दीड महिना आम्ही जागेवर बसून मोटार हाकली. बंगल्याचा म्हातारा राखणदार अक्कलकोटकडचा होता. तो दारात उकिडवा बसून पाहत असे.

"मास्तरीणबाई, आज कुटवर गेलात?"

"दुसऱ्या गिअरपर्यंत," मी सांगत असे.

"लई लांब की. जेवायच्या वक्ताला परत येतासा न्हवं?"

पुढे आम्ही खरोखर इंजिन चालू केले. बंगल्याभोवती मुरमाचा वाटोळा रस्ता होता. त्यावरून बाईसाहेब गाडी नेऊ लागल्या, आधी एक फेरी, मग पाच. चुका होत, पण प्रत्येक चुकीचे कारण पुस्तकात सापडे, आणि ते सापडले की ती चूक पुन्हा होत नसे. फेऱ्या संपल्या की गाडी मोटारखान्यासमोर उभी करायची आणि चार गडी बोलावून ती ढकलत मागच्या मागे आत सारायची, अशी रीत पडली. त्यामुळे गाडीचे तोंड नेहमी दाराकडे राही. पूर्वीचा ड्रायव्हर ती स्वतः मागे घेऊन आत लावी. पुस्तकात मागे घेण्याविषयी दोन ओळी होत्या. त्या मी वाचून दाखवल्या होत्या, पण करून पाहण्याचा प्रसंग आला नव्हता.

नवरात्रात दीर चहाला आले. मी जवळच बसले होते.

"वहिनी, दादांच्या वेळी दरवर्षी दसऱ्याला गाडी सीमोल्लंघनाला नाक्यापलीकडं जायची. यंदा गेली, तर राहू दे बापडी. नाही गेली, तर द्वादशीला पुण्याचं गिऱ्हाईक येतंय."

"कोण नेणार ते तुम्ही बोलला नाहीत, भाऊजी."

"तुम्हीच न्या की. ऐकतोय आम्ही, बंगल्याभोवती प्रदक्षिणा चालल्यात म्हणून. देवळात घालायच्या त्या हितंच."

बाईसाहेबांनी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला आणि "नेते," एवढेच म्हणाल्या.

खंडेनवमीला शस्त्रांची आणि अवजारांची पूजा असते, मोटारीचीही करत. आदल्या संध्याकाळी गडी गाडी धुऊन आत सारू लागले, तेव्हा मी त्यांना थांबवले. मोटारखान्याचे दार पश्चिमेला होते, म्हणजे गाडीचे तोंडही पश्चिमेला. पूजेची वस्तू पूर्वाभिमुख असावी, असे मी शाळेत मुलींना सांगत आले होते.

"ड्रायव्हर असाच लावायचा, तरी पूजा व्हायची," राखणदार म्हणाला.

"त्याला माहीत नसेल," मी म्हणाले.

गड्यांनी गाडी फिरवून, तोंड मागच्या भिंतीकडे करून आत लावली. दुसऱ्या दिवशी बाईसाहेबांनी बॉनेटला हळदकुंकू वाहिले, झेंडूची माळ घातली. एकदा पूजा मांडली की दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत अवजार जागचे हलवायचे नाही. त्या रात्री सोलापुरात कापड विणणाऱ्यांचे मागही असेच हळदकुंकू लावून निवांत उभे होते.

दसऱ्याला दुपारी तीनच्या सुमारास मी गेले. उत्तरपूजा झाली होती. दीर पांढरी टोपी घालून पायरीवर खुर्ची टाकून बसले होते. सगळे गडी सणाला आपापल्या गावी गेले होते, कोणी होटगीला, कोणी जेऊरला. बाईसाहेब गाडीत बसल्या, मी पुस्तक उघडले, आणि तेव्हा कोठे समोरची भिंत माझ्या ध्यानात आली. सुमारे हातभर अंतरावर होती. दोन्ही बाजूंनाही फारशी जागा नव्हती.

मी खाली उतरले आणि राखणदाराबरोबर गाडी ढकलून पाहिली. गाडी तसूभर हलली नाही.

"मास्तरीणबाई, ही म्हस न्हाय," राखणदार धापा टाकत म्हणाला. "दावं वढलं की मागं यायला."

पायरीवरून दिरांचा आवाज आला. "भिंतीतनं जायचंय का, वहिनी? सांगा, गवंडी बोलावतो."

ही चूक माझी होती, हे तिथे तिघांनाही माहीत होते. बाईसाहेब मला बोलल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "पुस्तक काय म्हणतं?"

मी वाचले. दांडी किंचित उचलून आपल्याकडे घ्यावी, मागे ओढावी, आणि गाडी सावकाश मागे न्यावी. चाक कोणीकडे फिरवावे, मान कशी वळवावी, मागची काच पडद्याने झाकलेली असल्यास काय करावे, याविषयी एक अक्षरही नव्हते. मी ते पान उलटून पुढचे पाहिले. तिथे टायरमधल्या हवेची माहिती सुरू होत होती.

"मग तुम्ही मागं जाऊन उभ्या राहा आणि सांगा," बाईसाहेब म्हणाल्या.

मी पुस्तक घेऊन दाराबाहेर जाऊन उभी राहिले. इंजिन सुरू झाले. गाडी एकदा हिसका देऊन थांबली, मग मागे येऊ लागली. मी "डावीकडे" म्हणाले. पण माझे डावे त्यांचे डावे होते की उजवे, हे मी आधी ठरवून घेतले नव्हते. डाव्या बाजूचे मागचे मडगार्ड मोटारखान्याच्या दगडी खांबावर चेपले, पाठोपाठ गाडीचे दारही घासले आणि त्याचा आवाज सगळ्या आवारात गेला. दोन वाघांपैकी एकावरचा रंग निघाला. गाडी बाहेर आली आणि इंजिन बंद पडले.

दीर खुर्चीवरून उठून खाली आले. "उतरा आता. शोभा झाली तेवढी पुरे. दादांची वस्तू आहे."

"दादांची होती," बाईसाहेब म्हणाल्या. "कंपनीचं पत्र वाचून दाखवू का?"

त्यांनी इंजिन पुन्हा सुरू केले. मी त्यांच्या शेजारी बसण्यासाठी निघाले. गाडीपर्यंत दहा-बारा पावले असतील. परंतु गाडी चालू लागली होती, आणि ती पुन्हा थांबवली तर पुन्हा बंद पडेल, ही भीती त्यांच्या खांद्यांवरून मला दिसत होती. त्यांनी मला हाक मारली नाही, आणि मीही मारली नाही. गाडी मुरमाच्या रस्त्याने वळली, फाटकातून बाहेर पडली आणि नाक्याच्या दिशेने गेली. फाटकापर्यंत धूळ बराच वेळ तरंगत होती.

पुस्तक माझ्या हातात राहिले होते. दीर माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही शिकवलंत?"

"वाचून दाखवलं," मी म्हणाले.

पाऊण तासाने गाडी परत आली. बाईसाहेब उतरल्या तेव्हा त्यांच्या हातात आपट्याची फांदी होती. नाक्यापलीकडच्या शेताच्या बांधावरून स्वतः तोडून आणली होती. बोटांना ओरखडे होते. त्यांनी पाने दिरांपुढे धरली. धाकट्याने सोने घ्यायचे आणि वडील वहिनीला वाकून नमस्कार करायचा, ही घराची रीत होती. दिरांनी टोपी नीट केली, वाकले, आणि निघून गेले. पुण्याचे गिऱ्हाईक आले नाही.

मला त्यांनी चार पाने दिली. "उजवीकडं विहीर आहे, बाई," त्या म्हणाल्या. "मोठी, पायऱ्यांची. बारा वर्षं मला कळलं नव्हतं."

पुढच्या गुरुवारी मी गेले तेव्हा राखणदाराने सांगितले, "बाईसाब भाईर गेल्यात." रविवारीही तेच. तिसऱ्या खेपेस त्या भेटल्या, फार अगत्याने बोलल्या, आणि आता पुस्तकाची गरज उरली नाही असे मीच म्हणाले. ते ऐकून त्यांना बरे वाटलेले दिसले. मला गाडीतून नेण्याची गोष्ट त्यांनी काढली नाही. याचे मला वाईट वाटले, पण आश्चर्य वाटले नाही. कोणाचीही सोबत न घेता जाता यावे एवढ्यासाठीच त्यांनी हे सारे शिकून घेतले होते, आणि मीही एक सोबतच होते. त्यानंतर कित्येक वर्षे ती गाडी आठवड्यातून एकदा तरी माझ्या माडीखालून जाई. चेपलेले मडगार्ड त्यांनी कधी दुरुस्त केले नाही. मी खिडकीत असले तर त्या वर पाहून मान हलवत. त्या वेळी मी वह्या तपासत असे.

तेव्हा माझे उत्तर मी असे सुधारते: पुस्तक वाचून मोटार पुढे नेता येते, मागे घेता येत नाही, त्याला मागे उभे राहणारे माणूस लागते, आणि त्या माणसाने डावे-उजवे आधी ठरवून घ्यावे लागते. हा निष्कर्ष एकाच गाडीवरून आणि एकाच विद्यार्थिनीवरून काढला आहे, इतक्या थोड्या पुराव्यावर मी मुलींना कधी निष्कर्ष काढू दिला नसता. ज्या वाचकांकडे मोटार असेल त्यांनी मोकळ्या जागेत हे स्वतः करून पाहावे, आणि मी चुकत असेन तर माझे उत्तर खोडून आपले लिहावे.